कचराखोलीच्या दिशेला तोंड करून

तामाए किताओला राग आला की ती बोलायची. राग गिळून तोंड मिटून बसणाऱ्यांतली ती नव्हती. ओसाकाच्या ताइशो भागात, कालव्यांच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या वस्तीत तिचा जन्म झाला, आणि लग्न करून ती दोनच गल्ल्या पलीकडे गेली. तिथली माणसं मनातलं ओठांवर आणायला उशीर लावत नाहीत. मासेवाला शिळा बांगडा ताजा म्हणून देऊ लागला तर ती तो त्याच्या नाकापुढे धरायची. वर्षातून एकदाच ती गप्प बसायची, सेत्सुबुनच्या संध्याकाळी, हातातली सुरळी संपेपर्यंत. तिचा नवरा यासुजी म्हणायचा, "हा सण देवाने माझ्यासाठीच केलाय."

सेत्सुबुन म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीचा, जुन्या पंचांगातला हिवाळ्याचा शेवटचा दिवस. भाजलेले सोयाबीन दारातून, नाहीतर भुताचा मुखवटा घातलेल्या घरच्या माणसावर फेकायचे आणि ओरडायचं, भुतं बाहेर, भाग्य आत. तारल्या भाजायच्या, त्यातल्या एका माशाचं मुंडकं काटेरी डहाळीला टोचून दाराशी अडकवायचं. मग त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून एहोमाकी खायची. व्हिनेगर लावलेला भात, आत दुधीच्या वाळवलेल्या पट्ट्या, शिजवलेली अळंबी, अंड्याची पोळी, काकडी, आणि बाहेरून समुद्रशेवाळाचा काळा पापुद्रा. अशी मनगटाएवढी जाड सुरळी. ती कापायची नाही, कापली तर नाती तुटतात. खाताना बोलायचं नाही, बोललं तर वर्षाचं नशीब तोंडातून निसटतं.

तामाए हे सासूकडून शिकली. सासू फुकी तरुणपणी सेम्बाच्या व्यापारी पेठेत लोणच्याच्या दुकानात कामाला होती, आणि तिथल्या मालकिणीकडून ही सुरळी तिच्याबरोबर या घरात आली. तिचा नियम एकच होता. आधी घरातली डोकी मोजायची, मग तांदूळ काढायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सेत्सुबुनला तामाएने, कोणी आलंच तर असावी म्हणून, एक सुरळी जास्तीची केली. फुकीने ताटाकडे बघितलं.

"ही कोणाची?"

"कोणाची नाही, सासूबाई. असू दे म्हटलं एखादी."

"कोणाची नाही ती कशाला वळलीस? येणारा आपलं नशीब आपल्याबरोबर आणतो. आता ही उरली तर टाकणार कुठे? नशीब टाकता येतं होय?"

ती सुरळी फुकीने दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली, त्याच दिशेला तोंड करून, एक शब्द न बोलता, आणि पूर्ण वेळ सुनेकडे डोळे वटारून. तामाएने पुन्हा जास्तीची सुरळी केली नाही.

मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली तेव्हा ती नदीपलीकडच्या मिनातो भागातल्या सुपरमार्केटात कामाला लागली. तयार पदार्थांच्या स्वयंपाकघरात तळणं, भाज्या, जेवणाचे डबे आणि सुरळ्या. रोज सकाळी ती महापालिकेच्या फुकट फेरीबोटीने पलीकडे जायची. सुरुवातीच्या वर्षांत सेत्सुबुनच्या सुरळ्या गल्लीतली गिऱ्हाइकं आधी सांगून ठेवत, आणि सांगितल्या तेवढ्याच वळल्या जात. ओसाका आणि आसपासची गावं सोडली तर त्यांचं कोणाला कौतुक नव्हतं. मग चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांनी ती सुरळी उचलली आणि देशभर नेली. जिथे कोणाच्या आजीने ती पाहिलीही नव्हती तिथे ती प्राचीन परंपरा झाली. खेकड्याची सुरळी आली, गोमांसाची आली, सुरळीच्या आकाराचा केक आला, मांजरासाठी सुरळी आली.

तामाएचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. शेजारच्या टेबलावर काम करणारी हात्सुमी नाक मुरडायची, "योकोहामाचे लोक आता आपल्याला शिकवणार कसं खायचं ते!" त्यावर तामाए म्हणायची, "खाऊ देत की. नशीब काय ओसाकाच्या सातबाऱ्यावर चढवलंय?"

तिचा राग दुसरीकडेच होता. सुरळ्या किती करायच्या ते आता गिऱ्हाईक सांगत नव्हतं, वरून सांगितलं जात होतं. दुकान बंद होईपर्यंत फडताळ भरलेलं दिसलं पाहिजे, हे कंपनीचं ब्रह्मवाक्य. रिकामं फडताळ बघून गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जातं म्हणे. दुकान बंद व्हायचं तेव्हा फडताळ खरोखरच भरलेलं असायचं. आणि खाण्याची मुदत त्याच दिवशी संपत असायची.

मग ढकलगाड्या भरून सुरळ्या कचराखोलीत यायच्या. पण प्लास्टिक वेगळं आणि अन्न वेगळं टाकायचा नियम, म्हणून ते काम पुन्हा वळणाऱ्या बायकांकडेच. सकाळी ज्या हातांनी सुरळी वळून पाकिटात घातली, त्याच हातांनी पाकीट फोडायचं आणि सुरळी निळ्या पिंपात सोडायची. पाकिटावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, 'भाग्य घरी न्या.' पहिल्या पिंपानंतर कोणी बोलत नसे. दुसऱ्या पिंपाच्या वेळी भाताचा आंबूस वास केसांत बसायचा.

एका सेत्सुबुनला तिसरं पिंप भरलं तेव्हा तामाए हातमोज्यांसकट वर मॅनेजरच्या खोलीत गेली. कुरातानी योकोहामाहून बदलून आलेला, चाळिशीच्या आतला, अतिशय सभ्य माणूस. तो उठून उभा राहिला.

"किताओबाई, आज खूप श्रम झाले तुम्हा सगळ्यांना."

"श्रमाचं नाही बोलत मी. पुढच्या वर्षी मी कचऱ्यासाठी वळणार नाही. आजच सांगून ठेवते, मग म्हणू नका."

"कचरा नाही हो तो. त्याचं डुकरांसाठी खाद्य होतं. वाया काहीच जात नाही."

"असं? मग एक सुरळी उचलून डुकरालाच विचारा, यंदा कुठल्या दिशेला तोंड करून खाणार म्हणून."

कुरातानी हसला नाही. खरं म्हणजे त्यालाही ती पिंपं आवडत नव्हती, हे तामाएला ठाऊक होतं. दुकान बंद करताना तो कचराखोलीवरून न जाता लांबून वळसा घालून जायचा. पुढच्या जानेवारीत वरून नवा आराखडा आला, आदल्या वर्षापेक्षा मोठा. तेव्हा तामाए पुन्हा त्याच्यापुढे उभी राहिली, आणि या वेळी त्याने शब्द दिला. सहा वाजता वळणं बंद. फडताळावर जे असेल ते संपेल, संपलं की संपलं.

"लिहून नको," तामाए म्हणाली. "तुमचा शब्द पुरे."

साठी उलटल्यावर तिचा करार दर मार्चला नवा होत असे, आणि तो करायचा की नाही ते मॅनेजर ठरवायचा. शब्द देणाऱ्याच्याच हातात तिची नोकरी होती, हे दोघांनाही कळत होतं.

सेत्सुबुन त्या वर्षी शनिवारी आला. सकाळपासून ध्वनिक्षेपकावर कुरातानीचा आवाज दुकानभर घुमत होता, "यंदाची शुभ दिशा पूर्व-ईशान्य! एकदा घास घेतला की थांबू नका, बोलू नका, इकडेतिकडे पाहू नका!" हेच त्याने स्वतःच्या सुबक अक्षरात लिहून, बाण काढून, दुकानात ठिकठिकाणी लावलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवरही एक कागद होता. बायकांची मान वर होत नव्हती. शेवाळाचा पापुद्रा, भात, सारण, बांबूची चटई, दाब, पाकीट. काम करणाऱ्या प्रत्येकीने एक तरी सुरळी विकत घ्यायची असा दंडक होता, म्हणून नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या त्यांच्या आपापल्या सुरळ्या फ्रिजमध्ये होत्या.

सहा वाजले तेव्हा टोपातला भात संपला होता. फडताळावर दोन रांगा उरल्या होत्या, आणि माणसं येत होती. हिशेब बरोबर बसला होता. तामाएने चटई धुवायला घेतली. हात्सुमी कमरेवर हात ठेवून मागे वाकली आणि म्हणाली, "ताई, हा चमत्कार आहे. आज घरी जाऊन मी सोयाबीन नवऱ्याच्या अंगावर नाही, हळूच बाजूला फेकणार."

तेवढ्यात कुरातानी आत आला. धापा टाकत होता.

"अजून एक खेप लागेल. इनुझुका साहेब येतायत, विभागीय कार्यालयातून. दुकानं बघत फिरतायत, पुलापर्यंत पोहोचलेत. फडताळावर दोनच रांगा आहेत."

"दोन आहेत म्हणजे संपत आल्यात," तामाए म्हणाली. "चांगलंच आहे की."

"ते मला कळतं. पण साहेबांना ते दिसताना..."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"परिस्थिती बदलली, किताओबाई."

"परिस्थिती तीच आहे. तुमच्या साहेबांची गाडी तेवढी जवळ आलीय. आणि वळणार कशाचं? भात कुठाय?"

कोपऱ्यातल्या मोठ्या कुकरचा दिवा लालचा हिरवा झाला आणि झाकणाखालून वाफ आली. सगळ्याजणींनी तिकडे पाहिलं. तो कुकर त्यांच्यापैकी कोणी लावला नव्हता. भात शिजायला लागतो तेवढा वेळ आधी कोणीतरी येऊन तो लावला होता. म्हणजे सहा वाजायच्या आधीच शब्द मोडून झाला होता.

"तुम्ही लावलात," तामाए म्हणाली.

"खबरदारी म्हणून."

"खबरदारी! सकाळपासून 'सहाला थांबू' म्हणत होतात, आणि पाठीमागे येऊन बटण दाबलंत?"

"आवाज जरा... बाहेर गिऱ्हाइकं आहेत. हे बघा, मार्चमध्ये तुमचा करार..." एवढं बोलून तो थांबला.

"बोला की. अर्धवट का सोडता? सुरळी कापू नये म्हणता, मग वाक्य तरी कशाला कापता?"

कुरातानीचे कान लाल झाले. त्याने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही उरली नव्हती.

तामाएने हातमोजे काढले. फ्रिज उघडून स्वतःच्या नावाची सुरळी काढली, पाकीट फोडलं.

"हात्सुमी, पूर्व-ईशान्य कुठे गं?"

हात्सुमीने भिंतीवरच्या बाणाकडे बघितलं, मग सुरीच्या टोकाने दाखवलं. "ते काय. कचराखोलीचं दार."

तामाए त्या दाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिने घास घेतला.

हात्सुमीने कुकरकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि आपली सुरळी काढली. मग तिच्यामागची. मग सगळ्याच. पांढऱ्या टोप्या आणि पांढरे एप्रन घातलेल्या बायका एका ओळीत, एका दाराकडे तोंड करून चावत उभ्या राहिल्या.

"आत्ता?" कुरातानी म्हणाला. "किताओबाई, आत्ता?"

कोणी उत्तर दिलं नाही. देताच येत नव्हतं. दिवसभर त्यानेच दुकानाला बजावलं होतं, थांबू नका, बोलू नका. आणि तीन वर्षं ओसाकात काढल्यावर योकोहामाच्या माणसालाही एवढं कळत होतं की सुरळी तोंडात असलेल्या माणसाला बोलायला लावणं म्हणजे त्याच्या हातातलं वर्षाचं नशीब हिसकावणं. नोटिशीने, करारपत्राने माणसाला घरी पाठवता येतं. पण हे कोणी करत नाही. तो दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला.

एरवी तामाए पटापट खाणारी. त्या दिवशी तिने प्रत्येक घास इतका चावला की दुधीच्या पट्टीचे धागे दातांत मोकळे झाले. कारण घड्याळ तिच्या बाजूने होतं. व्हिनेगर भाताला गरम असतानाच लावावं लागतं. झाकणाखाली भात बसला, गार झाला, की तो आंबट पाणी पीत नाही, त्याचा लगदा होतो आणि सुरळी उकलते. शेवटी कुरातानीने कोट काढला, बाह्या वर केल्या, लाकडी उलथणं घेतलं आणि स्वतःच भात कालवायला लागला. हलक्या हाताने काप द्यायचे, तर त्याने तो पिठासारखा मळला. ते बघून हात्सुमीच्या नाकातून हसू फुटलं. तोंडात घास होता म्हणून ते खोकल्यासारखं वाजलं, आणि तिचे डोळे पाण्याने भरले, पण तिने तोंड उघडलं नाही.

आणि समोरचं दार उघडलं.

इनुझुका साहेब मालाच्या दरवाजातून आले होते, कचराखोलीतून. करड्या कोटातला, नीट भांग पाडलेला माणूस दारात उभा राहिला तर त्याच्यासमोर पांढऱ्या टोप्यांची रांग, सगळ्यांची नजर त्याच्यावर रोखलेली, गाल फुगलेले, आवाज फक्त चावण्याचा. तो क्षणभर दचकला. मग त्याचा चेहरा उजळला.

"वा," तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात, देवळात बोलावं तसा. "वा! कुरातानी, हे तुमचं आयोजन?"

कुरातानी उलथणं मागे लपवत म्हणाला, "नाही... म्हणजे, कर्मचाऱ्यांनी स्वतःहूनच."

"स्वतःहून! कामातून वेळ काढून! बघा, याला म्हणतात परंपरा. मुख्यालयाला पाठवतो हे." त्याने फोन काढला, रांग पूर्ण यावी म्हणून दाराला पाठ लावून उभा राहिला आणि फोटो घेतला. मग आणखी एक. "अप्रतिम. बाकी कुरातानी, फडताळ जरा उघडं दिसतंय. यांचं झालं की भरून घ्या."

तामाएच्या हातात बोटभर सुरळी उरली होती. सून म्हणून त्या घरात आल्यापासून ती सुरळी खाताना कधी बोलली नव्हती. एका वर्षी खाताना चुलीवरची कढई पेटली होती, तेव्हाही तिने एका हाताने झाकण टाकलं होतं आणि दुसऱ्या हाताने खाणं चालू ठेवलं होतं. आता गप्प राहिली तर त्या फोटोत जे दिसलं तेच खरं ठरणार होतं. बोलली तर नशीब गेलं, आणि मार्चही गेला.

तिने तोंडातला घास गिळला.

"साहेब, पूजा नाही चाललेली इथे. आम्ही काम बंद ठेवलंय."

इनुझुका साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ गेला.

"हा संप आहे. सुरळी संपेपर्यंतचा. नशीब मागायला नाही उभ्या आम्ही. तुमच्या पाठीमागे पिंपं आहेत ना निळी, ती बघत उभ्या आहोत. फोटो काढायचा तर वळा आणि त्यांचा काढा. आत्ता रिकामी आहेत. आणखी एक खेप वळायला सांगा, मग थोड्या वेळाने या, भरलेली मिळतील."

"आपल्या भावना मी..."

"भावना घरी ठेवून आलेय मी, साहेब. सरळ विचारते. आता या वेळी आणखी सुरळ्या कोण खाणार? तुम्ही खाणार? एक नाव सांगा. ज्याचं नाव सांगाल त्याची वळून देते, आत्ता, उभ्या उभ्या."

साहेबांनी नाव सांगितलं नाही. "सूचना नोंदवली आहे," म्हणाले, कुरातानीकडे एक नजर टाकली आणि दुकानात निघून गेले. रांगेतल्या बाकीच्या बायका चावत राहिल्या. एकही बोलली नाही. हात्सुमीचा मुलगा वर्षभर नोकरीच्या शोधात होता, आणि प्रत्येकीचं असंच काहीतरी होतं. आपलं नशीब कोणी सोडलं नाही, आणि तामाएनेही त्यांच्याकडून ती अपेक्षा केली नाही.

भात बिघडला होता. तो सरळ पिंपात गेला. न वळलेला, पण पिंपातच. याला जिंकणं म्हणत नाहीत, हे तामाएला कळत होतं. बोटभर उरलेली सुरळी तिने कागदात गुंडाळून नेली आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर उभं राहून खाल्ली. तोंड कुठल्या दिशेला होतं ते पाहिलं नाही.

घरी यासुजी सोयाबीनची वाटी घेऊन बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"मधेच बोललीस?"

"बोलले."

"मग गेलं म्हणायचं हे वर्ष," तो म्हणाला आणि तिच्यासाठी तारली भाजायला उठला.

मार्चमध्ये कुरातानीने तिला माल उतरवायच्या धक्क्यावर बोलावलं. कमरेत वाकून नमस्कार केला.

"तुमच्या वयाचा विचार करता, कंपनीला असं वाटतं की आता आपण विश्रांती..."

"माझं वय गेल्या मार्चमध्येही होतं."

"मी प्रयत्न केला, किताओबाई."

"तो कुकर लावलात तेवढा केला असेल."

तिने टोपी आणि एप्रन घडी करून त्याच्या हातात दिले आणि ती निघाली. वर्ष तिने घरी काढलं. यासुजीच्या टीव्हीचा आवाज वाढला. शेजारणी तिला भाजी चिरायला बोलवत आणि तिचं बोलणं ऐकून दमत.

पुढच्या सेत्सुबुनच्या दिवशी दुपारी हात्सुमीचा फोन आला. ती कुजबुजत होती. "ताई, तू भिंतीवर लागलीयस."

"कुठल्या भिंतीवर?"

"दुकानाच्या. माणसाएवढी. ये आणि बघ, मला सांगताही येत नाही."

तामाए फेरीबोटीने पलीकडे गेली. दुकानाच्या काचेच्या दारापलीकडे, सुरळ्यांच्या फडताळाशेजारी, मोठं चित्र लावलेलं होतं. पांढऱ्या टोप्यांची रांग आणि मध्यभागी ती, गाल फुगलेले, डोळे रोखलेले. त्याच्यावर लिहिलं होतं, 'मौनात जपलेली परंपरा.' खाली, जरा लहान अक्षरांत, 'अन्न वाया घालवू नका. आम्ही लागेल तेवढंच वळतो. आजच नोंदणी करा.' हल्ली सरकारही दर फेब्रुवारीला दुकानांना हेच बजावत होतं, तेव्हा कंपनीला असं काहीतरी लावणं भाग होतं. चित्राच्या बाजूला फडताळ होतं, खालपासून वरपर्यंत गच्च भरलेलं. नोंदणीच्या सुरळ्या वेगळ्या होत्या, आतल्या बाजूला. ह्या तशाच, कोणाच्याही नसलेल्या.

ती चौकशीच्या खिडकीशी गेली. "कुरातानीला बोलवा."

तो आला, तिला पाहिलं, आणि ती काय मागणार हे त्याला कळलं.

"ते चित्र काढा."

"ते मुख्यालयाकडून आलंय, किताओबाई. सगळ्या शाखांना आलंय. मला अधिकार नाही."

"तोंड कोणाचं आहे ते?"

"कर्मचारी असताना काढलेला फोटो, नियमाप्रमाणे..."

"नियम असू दे. तो फोटो काढला तेव्हा मी काय करत होते, ते तुम्ही पाहिलंत. दुसऱ्या कोणाला नाही ठाऊक, तुम्हाला आहे. हातात उलथणं होतं तुमच्या. सांगा, परंपरा जपत होते मी?"

कुरातानीने मान खाली घातली. "नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मला खरंच अधिकार नाही हो."

"बरं. मला इथे उभं राहायला कोणाची परवानगी लागते? गिऱ्हाईक आहे मी."

ती जाऊन चित्राशेजारी उभी राहिली. संध्याकाळची गर्दी वाढत होती. माणसं चित्र बघत, मग तिला बघत, मग पुन्हा चित्र. एक तरुण बाई टोपली घेऊन थांबली. "अय्या, ह्या तुम्हीच ना?"

"मीच. पण त्यावर लिहिलंय ते खोटं आहे. मी तेव्हा भयंकर चिडले होते."

"चिडला होतात? मला वाटलं प्रार्थना करताय."

"प्रार्थना? मला ह्या लोकांनी जास्तीच्या सुरळ्या वळायला सांगितल्या होत्या, कचऱ्यात टाकायला. म्हणून आम्ही काम थांबवून उभ्या होतो. बोलले म्हणून काढून टाकलं मला. हे फडताळ बघा, हे सगळं काय आजच खपणार आहे? दुकान बंद झालं की मागच्या दाराशी उभ्या राहा, दिसेल कुठे जातं ते."

तिचा आवाज मुळातच मोठा. आजूबाजूची माणसं थांबली. एका म्हाताऱ्याने हातातली सुरळी परत ठेवली, मग दोन उचलल्या, मग गोंधळून तामाएकडेच पाहिलं. "मग घ्यायची की नाही घ्यायची, बाई?"

"भूक आहे तर घ्या की, काका! खायला कोण नाही म्हणतंय? मी ह्यांच्याशी भांडतेय, तुमच्याशी नाही."

कोणीतरी हसलं. कोणीतरी फोन वर करून तिचं बोलणं टिपायला लागलं. कुरातानी खिडकीमागून हे बघत होता. दोनदा त्याने टेलिफोन उचलला आणि ठेवला. मग तो आतून घडीची शिडी घेऊन आला, चित्रापुढे मांडली, वर चढला आणि एकेक कोपरा सोडवायला लागला. चित्र मोठं होतं. वरचा भाग सुटला तेव्हा ते त्याच्या अंगावर कोसळलं आणि तो काही क्षण त्याखाली दिसेनासा झाला. तामाएने मदत केली नाही.

खाली उतरून त्याने ते गुंडाळलं. त्याचे केस विसकटले होते.

"झालं," तो म्हणाला. "आता जाल ना? कृपा करून."

"बाकीच्या शाखांत लागलंय ना अजून?"

"सगळीकडे. नांबाला आहे, बेन्तेन्चोला आहे, पार कोबेपर्यंत. ते माझ्या हातात नाही, किताओबाई, खरंच."

"तुम्हाला कोण सांगतंय काढायला?" तामाएने मफलर गळ्याभोवती घट्ट केला. स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून हात्सुमी डोकावत होती. तिला ती म्हणाली, "आमच्या ह्यांना फोन कर. म्हणावं, जेवून घ्या, माझी वाट बघू नका." मग ती कुरातानीकडे वळली.

"बेन्तेन्चोची बस कुठून सुटते हो हल्ली? समोरून की कोपऱ्यावरून?"

"कोपऱ्यावरून," तो म्हणाला, आणि त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं.